फ्लोरेन्समधली राजाराम महाराजांची छत्री: कोल्हापूरच्या पाहुण्यांना नेण्याआधी

कोल्हापूरच्या माणसाला फ्लोरेन्स दाखवायचं असेल तर सुरुवात दुओमोपासून, म्हणजे घुमटाच्या मोठ्या चर्चपासून, करू नये, काशिने बागेपासून करावी. मिलान, बोलोन्या, झालंच तर म्युनिकमध्ये संसार थाटलेली आपली मुलं आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना एक-दोन दिवस फ्लोरेन्सला आणतात. घुमट, डेव्हिडचा पुतळा, सोनारांचा पूल, एक पिझ्झा, की झालं फ्लोरेन्स. त्याच शहरात अर्नो नदीच्या काठी कोल्हापूरच्या छत्रपतींची छत्री उभी आहे, हे पुष्कळांना परत गेल्यावर कुणीतरी विचारलं की कळतं. ज्यांना ठाऊक असतं तेही लांब आहे म्हणून टाळतात. लांब आहे हे खरंच. पण दिवसाचा क्रम नीट लावला तर सकाळचं काम आहे, आणि आमच्या मते या शहरात कोल्हापूरकराने पहिल्यांदा बघावं असं तेच ठिकाण आहे.

आधी राजाराम कोणते ते सांगून ठेवा, कारण घोळ इथूनच सुरू होतो. राजारामपुरी ज्यांच्या नावाने वसली ते शाहू महाराजांचे चिरंजीव, १९२२ ते १९४० या काळातले. फ्लोरेन्समधले राजाराम महाराज त्यांच्या बरेच आधीचे. ते १८६६ मध्ये गादीवर आले आणि १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, तिथून बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया करत इटलीत उतरले. वाटेत प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि तिथे प्रेत जाळायची मुभा नव्हती. खास परवानगी काढून, मुन्योने नावाची लहान नदी अर्नोला मिळते त्या संगमावर रात्रीच्या वेळी दहन झालं. दौऱ्यात महाराज रोजनिशी लिहीत. ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. त्यांच्यानंतर दत्तक आलेले शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगरला वारले आणि १८८४ मध्ये शाहू महाराज गादीवर दत्तक आले. म्हणजे शाहू महाराजांपर्यंत येणारी साखळी या संगमावरून जाते. एवढी पाच मिनिटांची उजळणी ट्राममध्ये करून घ्यावी, नाहीतर पाहुण्यांच्या दृष्टीने ती बागेतली आणखी एक मेघडंबरी ठरते.

आता जायचं कसं. गाडीने येणाऱ्यांसाठी उत्तर एकच: ए-१ महामार्गावरचं विल्ला कोस्तान्त्सा पार्किंग. टोलनाक्यातून बाहेर न पडता थेट महामार्गावरून आत शिरता येतं, दोन्ही दिशांनी येणाऱ्यांना सोय आहे, आणि पार्किंगच्या दारातच टी-१ ट्रामचा शेवटचा थांबा आहे. गाडी इथे ठेवून ट्रामने शहरात जाणं ही काटकसरीची गोष्ट नाही, सुरक्षेची आहे. फ्लोरेन्सचा जुना भाग ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचा टापू आहे. वेशीवर अडथळा नसतो, पोलीस नसतो, नुसता कॅमेरा असतो. नकाशाच्या ॲपने वळवलं म्हणून आत शिरलेल्या गाडीला काही महिन्यांनी घरी दंडाची नोटीस येते. भाड्याची गाडी असेल तर कंपनी तुमचा पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कापते. एकाच दिवसात तीनदा आत-बाहेर केलं तर तीन वेगळे दंड लागू शकतात. पाहुण्यांना हॉटेलच्या दारात उतरवण्याची हौस इथे महागात पडते.

रेल्वेने आलात तर आणखी सोपं. मिलानहून वेगवान गाडी दोन तासांच्या आत, बोलोन्याहून चाळीस मिनिटांच्या आत सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला आणते. बाहेर पडून ‘आलामान्नी’ थांब्यावरून विल्ला कोस्तान्त्साकडे जाणारी टी-१ पकडायची आणि ‘काशिने’ थांब्यावर उतरायचं. मध्ये एकच थांबा लागतो. गाडीवाल्यांना मात्र उलटा फायदा आहे: विल्ला कोस्तान्त्साहून शहराकडे येताना काशिने आधी लागतं, स्टेशन नंतर. म्हणून आधी छत्री, मग शहर. दुओमोपासून सुरुवात केलेली मंडळी दुपारी तीन वाजता पाय धरून बसतात आणि छत्री ‘पुढच्या खेपेला’ जाते.

तिकिटाचा हिशेब बघा. एक तिकीट १.७० युरो, चालतं नव्वद मिनिटं. थांब्यावरच्या यंत्रातून घेता येतं, पण नुसतं विकत घेऊन भागत नाही. ट्राममध्ये चढल्याबरोबर तिथल्या लहान यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यांत चढतात आणि ‘आम्ही पर्यटक’ हे कारण चालत नाही. बँकेचं कार्ड टेकवूनही प्रवास होतो, पण भारतातल्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि बिनपिनचे व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन्ही वेगवेगळे सुरू करावे लागतात. हे काम घरातून निघायच्या आधी करावं, थांब्यावर ओटीपीची वाट बघत नव्हे. काशिनेला उतरून छत्री बघून परत थांब्यावर यायला सव्वा दोन तास धरा, म्हणजे पहिलं तिकीट तिथेच संपलं. विल्ला कोस्तान्त्साहून येणाऱ्या चौघांना जाताना दोन आणि संध्याकाळी परत येताना एक अशी माणशी तीन, एकूण बारा तिकिटं लागतात: २०.४० युरो. झेडटीएलच्या एका दंडापुढे हे काहीच नाही.

थांब्यापासून छत्री जवळपास तीन किलोमीटर. रस्ता सपाट, झाडांचा, नदीच्या कडेकडेने जाणारा. गाड्यांचा त्रास जवळजवळ नाही. तरुण माणूस पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचतो, साठीच्या पुढच्यांना तासभर. दुखणं अंतराचं नसून परतीचं आहे: जाताना उत्साह असतो, परत येताना तेवढंच चालायचं आहे हे तिथे पोचल्यावर ध्यानात येतं. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना दोन्ही बाजू चालायला लावू नयेत. टॅक्सी करायची तर फ्लोरेन्समध्ये हात दाखवून रिक्षासारखी थांबत नाही. स्टेशनच्या टॅक्सीतळावर जावं लागतं किंवा फोनवरून बोलवावी लागते. चालकाला ‘पियाझाले देल्’इंदियानो’ एवढं सांगायचं. परतीची टॅक्सी तिथून फोन करूनच येणार, म्हणून यजमानाच्या फोनमध्ये चार्जिंग हवं. ज्यांना सायकल येते त्यांनी ॲपवरच्या भाड्याच्या सायकली घ्याव्यात. बारा-पंधरा मिनिटांत टोक गाठता येतं. साडी नेसलेल्या बाईने मात्र आधी साखळीवर झाकण आहे का ते बघावं.

चालायचंच असेल तर दोन्ही वेळा एकच रस्ता धरू नका. जाताना नदीकाठ, येताना बागेतला पादचारी पूल ओलांडून पलीकडच्या इझोलोत्तो वस्तीत जायचं आणि तिथून टी-१चा जवळचा थांबा गाठायचा. वस्ती साधी, राहत्या लोकांची आहे. बेकरी, भाजीचं दुकान, कॉफीचा बार, सगळं पर्यटकांच्या भावापेक्षा स्वस्त. बागेत खायला-प्यायला फार मिळेल या भरवशावर राहू नये. पाण्याच्या बाटल्या भरूनच निघावं, आणि स्वच्छतागृहाचं काम स्टेशनवर किंवा बारमध्ये कॉफी पिऊन आधीच उरकून घ्यावं.

नकाशावर ‘मोनुमेंतो आल्’इंदियानो’ असंच शोधावं. तिथल्या लोकांना ‘इंदियानो’ म्हटलं की कळतं. महाराजांचं नाव विचारून उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष ठिकाणाबद्दल. अर्नोच्या काठावर, संगमाशी, चार बाजूंनी मोकळी छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा. पुतळा पांढराफटक नाही, रंगांचा आहे. इटलीभर पांढरा संगमरवर बघून डोळे विटलेल्या माणसाला तो एकदम जवळचा वाटतो. घडवला चार्ल्स फ्रान्सिस फुलर या फ्लोरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराने, आणि स्मारक उभं राहिलं १८७४ मध्ये. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे नाव कोल्हापूरकराने थांबून वाचावं: आपल्याकडचा टाउन हॉल आणि न्यू पॅलेस हेही मँट यांचंच काम. न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला, म्हणजे फ्लोरेन्सची छत्री त्याच्या आधीची. आमची शिफारस अशी की पाहुण्यांनी कोल्हापूर सोडायच्या आधी एकदा न्यू पॅलेस आणि टाउन हॉल नीट बघून घ्यावेत, कमानी आणि छतांचे चार-सहा फोटो फोनमध्ये ठेवावेत, आणि छत्रीखाली उभं राहून ताडून बघावेत. पंचगंगा घाटावरच्या राजघराण्याच्या समाध्याही बघून जाव्यात. त्या दगडी, जमिनीला धरून बसलेल्या. ही हलकी, उभी, एका परक्याने भारतीय वळण डोळ्यापुढे ठेवून रेखलेली. फरक तिथल्या तिथे दिसतो. चौथऱ्यावर इंग्रजी आणि इटालियनबरोबर भारतीय लिपीतला लेखही आहे. बाजू बदलत चारही लेख बघावेत. बहुतेक मंडळी समोरून एक फोटो काढून निघतात.

उणं काय? एक म्हणजे पूल. छत्रीच्या डोक्यावरूनच म्हणावं इतका जवळून ‘पोंते आल्’इंदियानो’ जातो. १९७८चा, तारांनी पेललेला, मधला गाळा दोनशे मीटरच्या वर. या पुलाला नाव आपल्या महाराजांवरून मिळालं ही अभिमानाची गोष्ट, पण त्याच्यावरच्या वाहनांचा घोंगाट सतत कानावर असतो. शांत समाधिस्थळ मनात धरून गेलात तर हिरमोड होईल. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत हयात घालवलेल्या पाहुण्यांना मात्र पूल छत्रीइतकाच आवडतो. गाड्यांच्या रस्त्याखाली पादचाऱ्यांसाठी लटकता मार्ग आहे, त्यावर जाऊन तारा कुठे अडकवल्यात ते खालून बघता येतं. दुसरं उणं म्हणजे माहिती. ती सांगायला तिथे कुणी वाटाड्या नसतो; जे सांगायचं ते यजमानानेच. तिसरं डास. नदीकाठ आणि झाडी, त्यामुळे जून ते सप्टेंबर दिवसासुद्धा चावतात. पायाला लावायचं मलम बरोबर हवं.

फुलं वाहायला हरकत नाही. उदबत्ती, कापूर, दिवा मात्र नको. सार्वजनिक बाग आहे, उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं. नदीतही काही सोडू नये.

वार निवडताना सोमवार धरावा. उफ्फिझी आणि डेव्हिड असलेलं अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणजे छत्रीसाठी वेळ काढताना काहीच बुडत नाही. मंगळवारी सकाळी काशिनेत आठवडी बाजार भरतो. भाजी, कपडे, चादरी, भांडी, दुपारी दोनच्या सुमारास सगळं आवरतं. आपल्या बायकांना उफ्फिझीपेक्षा हा बाजार जास्त रुचतो हे आम्ही जबाबदारीने सांगतो. पण बाजार आणि छत्री एकाच सकाळी ठेवली तर छत्री मागे पडते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी नऊच्या आत बागेत असावं. ३० नोव्हेंबरच्या पुण्यतिथीला जाणाऱ्यांनी सूर्यास्त पावणेपाचच्या आत होतो हे धरून दुपारी दोनलाच निघावं. अंधार पडल्यावर बागेच्या त्या टोकाला थांबू नये.

दुपारपासून शहर. यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून अडणाऱ्या गोष्टीच सांगतो. दुओमोच्या आत जायला पैसे पडत नाहीत, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अर्ध्या चड्डीतल्या नातवाला दारात अडवतात आणि आजी नऊवारीत सरळ आत जाते. घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी ठरवून नावाने तिकीट काढावं लागतं. पायऱ्या अरुंद आहेत आणि मध्येच माघार घेणं अवघड. रक्तदाबाच्या माणसाला खालीच बाकावर बसवावं. सांता क्रोचे चर्चच्या परिसरात भिंतींवर ४ नोव्हेंबर १९६६च्या महापुराच्या पाण्याच्या खुणा लावल्या आहेत. २०१९ आणि २०२१चा पंचगंगेचा पूर बघितलेल्या माणसाला त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत, फक्त मान वर करून बघा एवढंच सांगावं.

पोंते वेक्यो हा सोनारांचा पूल १३४५चा. १५९३ पासून त्यावर सोनारच. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, वावरलेल्या माणसाने इथे भाव विचारताना एक पक्कं ध्यानात ठेवावं: इटलीतला दागिना सहसा १८ कॅरेटचा, छाप ७५०. आपला हॉलमार्कचा २२ कॅरेट म्हणजे ९१६. वजनाला गुजरीचा भाव लावून तुलना केली तर हिशेब चुकतोच. घडणावळ बघण्यासारखी असते, गुंतवणूक म्हणून घेण्यासारखं इथे काही नाही.

चामड्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे कोल्हापूरचा माणूस गिऱ्हाईक म्हणून इतरांच्या पुढे असतो. सान लोरेन्झोच्या बाजारात ‘वेरा पेल्ले’ लिहिलेल्या पिशव्यांचा खच असतो. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की चामडं खरं आहे. कुठलं, कसं कमावलेलं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. अर्नोच्याच काठी, पिसाच्या वाटेवर सांता क्रोचे सुल्’अर्नो नावाचं गाव आहे, तिथे अजून झाडाच्या द्रव्यांनी चामडं कमावतात: चेस्टनट, मिमोसा, केब्राचो. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा, तत्त्व तेच. अशा चामड्याच्या वस्तूबरोबर तोस्कानाच्या कमावणाऱ्यांच्या संघाचं क्रमांक घातलेलं हमीपत्र मिळतं. ते नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर जास्त पैसे देऊ नयेत. कड बघावी. रंगाचा जाड थर चढवून कड बंद केली असेल तर आत काय आहे ते लपवलेलं असू शकतं. वाकवून बघावं, सुरकुती मऊ पडून सुटली तर ठीक, वरचा थर तडकला तर ठेवून द्यावं. वास घ्यावा. चप्पल लाईनला चप्पल घेताना जे हात आपोआप करतात तेच इथे करायचं. पट्टा आणि पैशाचं पाकीट या दोन गोष्टी घेण्यासारख्या. चपला इथून नेऊ नयेत, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

एका दुकानातली खरेदी ७० युरोंच्या पुढे गेली तर युरोपबाहेर राहणाऱ्या पाहुण्याला कराचा काही भाग परत मिळतो. अट अशी की बिल पाहुण्याच्या पासपोर्टवर हवं. मुलाने आपल्या कार्डावर, आपल्या नावाने बिल केलं की हक्क गेला, कारण तो तिथला रहिवासी. कागदावर कस्टमची मोहोर युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर, सामान आत देण्याआधी घ्यायची. वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून ती बॅगेच्या तळाशी नको.

जेवणात थोडी सावधगिरी. ‘लाम्प्रेदोत्तो’ हा इथला गाडीवरचा लाडका पदार्थ गाईच्या पोटाचा, आणि प्रसिद्ध ‘बिस्तेक्का’ही गोमांसच; जे खात नाहीत त्यांना आधी सांगून ठेवा. शाकाहाऱ्यांसाठी ‘रिबोल्लिता’ म्हणजे शिळा पाव, पांढरा घेवडा आणि पालेभाजीचं दाट शिजवलेलं कालवण; रस्सा मांसाचा नाही ना एवढं विचारावं. टोमॅटो आणि पावाचा ‘पाप्पा आल् पोमोदोरो’ हाही चालतो. इथल्या पावात मीठच नसतं. पाहुणे पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लावतात, तो बसण्याचा आकार, फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलं की भाव वाढतो.

म्हणून पाहुण्यांच्या बॅगेत कांदा-लसूण चटणी हवीच, कोरडी, दुहेरी पिशवीत. गूळ, मसाला, भडंग, पापड चालतात. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, खवा, सुकं मटण, लोणकढं तूप घरीच ठेवावं. सापडलं तर काढून घेतात आणि दंडही होऊ शकतो. हापूसलाही वनस्पती तपासणीच्या दाखल्याशिवाय प्रवेश नाही. तांबडा-पांढरा तिथेच करायचा तर मटणाऐवजी ‘आन्येल्लो’ म्हणजे कोकरू मागावं, आणि पांढऱ्यासाठी आशियाई दुकानातलं डब्यातलं नारळाचं दूध घ्यावं. कोकरू लवकर शिजतं. कोल्हापुरातल्या मापाने शिट्ट्या दिल्या तर तुकडे रश्श्यात विरघळतात, निम्म्याच पुरतात.